ओढ्याकाठचं सहा पावलं गवत

मी राहते त्या दिव्याहून त्या गावाला पोचायला दोन तास लागतात. एवढ्याशा अंतराला प्रवास म्हणायचं का, हे मी आमच्या सरांना विचारलं होतं. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन हवं होतं आणि मी तर कुठेच गेले नव्हते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. सुट्टीत आम्ही गावी जातो आणि परत येतो, त्यावर कोण काय लिहिणार?

सर म्हणाले, "प्रोजेक्टसाठी त्या ओढ्यावर तीनदा गेलीस ना? तेच लिही."

म्हणून हे लिहिते आहे. गावाचं नाव लिहीत नाही. जिच्या शेतावर मी गेले ती बेबीमावशी म्हणाली, "आमचं नाव घाल, पन गावाचं नको. लोकं आधीच हसतात."

पहिली खेप

जानेवारी होता. कल्याण स्टेशनबाहेरून मी टमटम पकडली. माझ्या शेजारी एक बाई कोंबडीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि कोंबडी पूर्ण रस्ता माझ्याकडेच बघत होती. नदीच्या पुलावर आलो तेव्हा खाली सगळं हिरवंगार सपाट दिसलं. मी नकळत म्हणाले, "किती मोठं मैदान!"

ड्रायव्हर आरशातून हसला. "ताई, नदी आहे ती. जलपर्णी वाढलीय. क्रिकेट खेळायला उतरू नका."

माझा प्रोजेक्ट ह्याच गोष्टीवर होता. शेतात टाकलेलं खत पावसात वाहून ओढ्यात जातं, ओढ्यातून नदीत जातं, आणि तिथे ही जलपर्णी ते खाऊन माजते. हे थांबावं म्हणून सरकारची एक योजना आहे. तिचं पूर्ण नाव मला अजून एका दमात म्हणता येत नाही. पण अर्थ सोपा आहे. शेतकऱ्याने ओढ्याच्या काठाला सहा पावलं रुंदीची पट्टी मोकळी सोडायची. तिथे नांगर नाही, खत नाही, फवारणी नाही. नुसतं गवत उभं ठेवायचं. शेतातून वाहत येणारं पाणी गवतात अडतं, गाळ आणि खत तिथेच राहतं. त्या सोडलेल्या जमिनीबद्दल दरवर्षी तपासणी करून अनुदान मिळतं. त्या गावात ही पट्टी फक्त एका घराने सोडली होती. मी त्या घराकडे निघाले होते.

ड्रायव्हरने मला वीटभट्टीपाशी उतरवलं आणि "सरळ जा" म्हणून सांगितलं. मी सरळ गेले. सरळ म्हणजे रस्त्याने, हे मला कळायला हवं होतं. मी शेतातून गेले. पाणी दिलेल्या वाफ्यात माझा पाय घोट्यापर्यंत रुतला, आणि पाय वर आला तेव्हा चप्पल आत राहिली होती.

"अगो बाय! माझ्या मेथीत कोन लावनी करतं?"

पलीकडच्या बांधावर एक ठेंगणी बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. नऊवारीचा काष्टा, नाकात मोठी नथ, हातात विळा. हीच बेबीमावशी.

"सॉरी, सॉरी मावशी. मी कॉलेजातून आलेय. गवत बघायला."

"गवत बघायला?" ती मागे वळून ओरडली, "अवो, ऐकलं का? आपलं गवत बघायला कालेजातून पोर आयली!" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चप्पल राहू दे. उगवली तर जोड देईन."

तिने मला ओढत घरी नेलं, अंगणातल्या दगडावर उभं केलं आणि माझ्या पायांवर भरलेली कळशी ओतायला सुरुवात केली. मी "पुरे, पुरे" म्हणत राहिले. आमच्याकडे पाहुणा आला की आई आधी कोपऱ्यातल्या ड्रमाकडे बघते, मग पाहुण्याकडे. पाय धुवायला अख्खी कळशी म्हणजे आमच्या घरची सकाळची भांडी निघतात तेवढं पाणी. मी तसं सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला.

"कुठं राहतेस?"

"दिव्याला."

"माझी पोर दिव्यालाच दिलीय," ती म्हणाली, आणि उरलेली कळशी बाजूला ठेवली.

त्या क्षणापासून मी त्या घरात पाहुणी राहिले नाही. किंवा फारच मोठी पाहुणी झाले, मला नक्की सांगता येत नाही. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, वालाचं बिरडं समोर आलं. आम्ही मूळचे देशावरचे, ज्वारी खाणारे. तांदळाची भाकरी मला नेहमी पांढरी फटक आणि बेचव वाटायची. तिथे चुलीवरून थेट ताटात आली तेव्हा कळलं की मी आजवर ती गारच खाल्ली होती. चार खाल्ल्या. पाचवी मावशीने न विचारता वाढली.

मग आम्ही पट्टी बघायला गेलो. ओढ्याच्या काठाने वाळा, गवती चहा आणि आपोआप उगवलेलं रानगवत माझ्या कमरेएवढं उभं होतं. मधून चालताना पायाजवळून बेडूक उड्या मारत होते. शेजारच्या शेतातली भेंडी थेट पाण्यापर्यंत लावलेली होती आणि तिथे दगडांवर हिरवा बुळबुळीत थर होता. मावशीच्या बाजूला दगड दिसत होते, दगडासारखे.

"ती जागा भेंडीला सोन्यासारखी व्हती," मागून आवाज आला. मावशीचे यजमान, बाळारामकाका. उंच, शांत, पण ह्या विषयावर शांत नसलेले. "ओल असते. अख्ख्या शेतात नाय येत तशी भेंडी तिथं येते. हिनं गवत लावलं. गाव विचारतो, बालाराम, यंदा गवताला भाव काय?"

"तुम्ही सांगा ना, लई हाय," मावशी म्हणाली.

मग दोघांनी मला त्यांच्यातला करार सांगितला. पट्टी सोडून एक वर्ष झालं होतं आणि पहिली तपासणी आता व्हायची होती. तपासणीत पट्टी पास झाली तर गवत राहणार. नापास झाली तर नाव यादीतून जाणार, आणि मग काका तिथे नांगर घालून भेंडी लावणार. भेंडीचं बियाणं आणूनही ठेवलं होतं. मावशीने हे कबूल केलं होतं.

मी विचारलं, "मावशी, पण तुम्ही हे सुरू कशाला केलंत?"

ती गवताचं एक पातं तोडून बोटाला गुंडाळत राहिली. "पोर फोन करते. आई, पानी हिरवं आयलंय. आई, आज वास मारतंय. मी ऐकते. मग एका मीटिंगला साहेबांनी सांगितलं, आपलं खत पावसात जातं कुठं. मी घरी आले ती झोपले नाय. पोरीला मी डब्यात भाजी धाडायची आनि हंड्यात खत?"

तिच्या शेतातलं पाणी फिरत फिरत नेमकं तिच्या मुलीच्या नळात जातं का, मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. नदीतून पाणी उचलतात आणि शहरांना देतात, एवढं मला माहीत आहे. तिला तेवढं पुरेसं होतं. मी जरा चाचरत म्हणाले, "पण मावशी, एकट्या तुमच्या पट्टीनं काय होणार?"

"तुझ्या घरातली तू एकटीच कालेजात गेलीस ना? मग काय झालं?"

 माझ्या ओढणीला कुसळं लागून ती नुसती काटेरी झाली होती आणि मी "आई गं, किती टोचतायत" म्हणत एकेक काढत होते. मावशी अंगणात माझ्याबरोबर बसली आणि अर्धा तास ओढणी मांडीवर घेऊन कुसळं वेचत राहिली. ही ओढणी लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवली नाही.

दुसरी खेप

कृषी खात्याच्या मॅडमची आणि माझी ओळख माहिती घेताना झाली होती. फेब्रुवारीत त्यांचा फोन आला. गुरुवारी त्या तपासणीला जाणार होत्या, मला यायचं असेल तर कल्याणहून त्यांच्या स्कूटीवर जागा होती. "आणि तुझ्या मावशींना कळव," त्या म्हणाल्या.

मी बुधवारी फोन केला. "मावशी, मॅडम उद्या येतायत पट्टी बघायला. मीपण येतेय."

"ये, ये. पोपटी लावते तुझ्यासाठी. मडक्यात वाल भाजते."

एवढंच बोलणं झालं. आता वाटतं, आणखी एक वाक्य बोलायला हवं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण शेणाने सारवलेलं होतं, अजून ओलं. उंबऱ्यासमोर रांगोळी. दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर नवे टॉवेल. काका इस्त्रीच्या शर्टात उभे होते आणि त्यांच्या दोन्ही हातांवर बारीक चरे होते. मॅडमनी हसून नमस्कार केला. मग मावशी आम्हाला ओढ्याकडे घेऊन गेली. ती पुढे, लगबगीने, जसं आपण पाहुण्याला नवीन रंग दिलेली खोली दाखवायला नेतो.

गवत नव्हतं.

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टी जमिनीलगत कापून काढलेली होती. कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. पालापाचोळा झाडलेला. काठाच्या दगडांना एकेक करून चुना फासलेला. कापलेल्या गवताचे भारे करंजाच्या झाडाखाली नीट रचून ठेवलेले.

"पहाटेपासून दोघं लागलो," मावशी म्हणाली. तिचा चेहरा घामाने आणि आनंदाने चमकत होता. "ह्या पोरीच्या ओढनीला मागच्या टायमाला किती कुसलं लागली. म्हटलं, मॅडमची चांगली साडी असंल, खराब नको व्हायला."

मॅडम पंजाबी ड्रेसमध्ये होत्या.  त्यांच्या पिशवीतून लाल खूण केलेली एक लांब काठी बाहेर डोकावत होती, ती त्यांनी हळूच आत ढकलली. ते मी पाहिलं.

"मावशी, बसून बोलूया," मॅडम म्हणाल्या.

"काय झालं? कमी साफ झालंय?"

मॅडमनी फार सांभाळून सांगितलं. गवत उभंच असायला हवं होतं. काठी तीन ठिकाणी लावतात, त्यांतल्या दोन ठिकाणी तरी गवत लाल खुणेपर्यंत लागलं पाहिजे. काठीसकट फोटो घ्यायचा असतो. तो मोबाइलमध्ये जागच्या जागी काढावा लागतो.

काकांनी घसा खाकरला. "शेजारच्या बांधाला गवत उभं हाय. तिथं काढा फोटो. गवत ते गवत."

"काका, मी कुठं उभी आहे ते हा फोन लिहून घेतो."

"आनि फोनला नसतं कललं तरी नको," मावशी एकदम म्हणाली. "दुसऱ्याचं गवत माझं म्हून कशाला दाखवायचं?"

मग ती खाली बसून दगडावरचा चुना नखाने खरवडू लागली.  मी म्हणाले, "माझीच चूक आहे मावशी. मी फोनवर सांगायला पाहिजे होतं. आणि ते ओढणीचं मी उगाच..."

"तुझी कसली चूक? घरात मानूस येनार म्हटल्यावर जागा साफ नाय करायची? माझ्या आयनं हेच शिकवलं. तिला काय म्हाईत, सरकारला घान आवडते." एवढं बोलून ती स्वतःच फिसकन हसली, आणि पदर तोंडाला लावला. डोळे मात्र हसत नव्हते.

मॅडमनी कागद उलटसुलट पाहिले. फेरतपासणी एकदाच करता येत होती, महिन्याभराने. "वाळ्याची मुळं शाबूत आहेत. पाणी द्या. तेव्हा खुणेला लागलं तर मी पास करीन. नाही लागलं तर माझ्या हातात काही नाही."

काका करंजाखालच्या भाऱ्यांकडे बघत होते. त्यांच्या मनात भेंडी होती की गवत, मला समजेना.

पोपटी झाली होती, ती खायलाच हवी होती. मडकं उलटं केलं तेव्हा शेंगांबरोबर घातलेल्या भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास सगळ्या अंगणात पसरला. वालाच्या शेंगा इतक्या गोड होत्या की मला अपराधी वाटत होतं. चहा गवती चहाचा होता. कापलेल्या भाऱ्यातलाच. आम्ही चौघं टॉवेल घातलेल्या खुर्च्यांवर आणि ओट्यावर बसून नापास झालेली पट्टी पीत होतो.

मधला महिना

ह्या दिवसांत मी गावी गेले नाही, पण गाव फोनवर माझ्याकडे येत होतं. मावशी दर दोन-तीन दिवसांनी फोन करायची आणि नमस्कार न करता सुरू व्हायची.

"चार बोटं झालंय."

"बरं मावशी."

"शेजारच्या बकऱ्या आल्या व्हत्या. ह्यांनी दगड मारून हाकलल्या."

"काकांनी?"

"मग कोनी? खाट टाकून बसलेत ओढ्यावर. मला सांगतात, उन्हाला बसलोय."

एकदा मागून जोराचं भांडण ऐकू आलं. मावशी फोनवर हसत होती आणि रागावतही होती. "तुझा काका काय म्हनतो माहिताय? म्हनतो, गवत हलू हलू वाढतंय, एक मूठ युरिया मारू का, दोन दिवसांत उठंल!"

"मावशी!"

"मी म्हटलं, अवो, त्याच्यासाठीच तर एवढं सगलं चाललंय! तर म्हनतो, थोडाच मारतो, कोनाला कलनार?" पलीकडून काकांचा आवाज आला, "मी मारला नाय! विचारलं फक्त!"

युरियाची गोणी तिने त्या दिवसापासून आपल्या खाटेखाली ठेवली.

तिसरी खेप

मार्चमध्ये ऊन चांगलंच तापलं होतं. नदीवरच्या पुलावरून जाताना मी खाली बघितलं. मैदान तसंच होतं.

अंगणात ह्या वेळी रांगोळी नव्हती. सारवलेलंही नव्हतं. कोपऱ्यात पालापाचोळा पडून होता आणि मावशी त्याच्याकडे पाठ करून उभी होती, दोन्ही हात मागे बांधून, शाळेतल्या मुलीसारखी.

"आज काय नाय केलं," ती मॅडमना म्हणाली. "लाज वाटते. पन काय नाय केलं. ह्यांनी सकालपासून विला लपवून ठेवलाय."

मॅडमनी पहिल्या ठिकाणी काठी रोवली. वाळ्याची पाती हिरवी, ताठ, लाल खुणेच्या वर दोन बोटं गेलेली. मी श्वास सोडला.

दुसरं ठिकाण करंजाच्या सावलीत आलं. तिथे गवत पिवळट, मऊ होतं. खूण अजून चांगली वर होती.

"जरा ओढून सरळ केलं तर..." काका म्हणाले.

"ओढायचं नाही, काका."

आता तिसरं. तिथलं गवत वाऱ्याने हलत होतं, कधी खुणेला शिवत होतं, कधी खाली जात होतं. मॅडम उकिडव्या बसल्या. त्या वारा थांबायची वाट बघत राहिल्या. काकांनी डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. मावशी गवताकडे बघतच नव्हती, ती पाण्याकडे बघत होती. ओढा उन्हाळ्यात बारीक झाला होता, तरी वाहत होता.

वारा पडला. पात्याचं टोक बरोबर लाल रेघेवर होतं. वर नाही, खाली नाही.

मॅडमनी फोटो काढला. पुन्हा एक काढला. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "झालं मावशी. पास."

मावशीने "हां" एवढंच म्हटलं. मग ती खाली वाकली आणि ज्या पात्याने खूण गाठली होती त्याच्यावरची धूळ बोटाने पुसली. काका मुंडासं पुन्हा बांधत म्हणाले, "चला, भेंडीचं बी आता वरच्या शेतात लावावं लागंल," आणि त्यांचा आवाज अजिबात नाराज नव्हता.

निघताना माझी पिशवी फुगली. वालाच्या शेंगा, मेथीच्या दोन जुड्या, सुकटीची पुडी, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली माझी चप्पल. वाफा खणताना सापडली होती. "जोड नाय उगवला," मावशी म्हणाली.

मला आईचं काम आठवलं. उन्हाळ्यात माठात टाकायला तिला वाळ्याची मुळं हवी होती. पाण्याला छान वास येतो. बाजारात मिळतात, पण इथे एवढा वाळा उभा होता, आणि ह्या घराने मला आजवर न मागताही सगळं दिलं होतं. मी म्हणाले, "मावशी, आईच्या माठासाठी थोडा वाळा उपटून देता का? मुळासकट?"

मावशीने ओढ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"बाय, तू मागशील ते देईन. कोंबडी ने. मेथी अजून ने. पन त्याला हात नाय लावायचा."

मी पटकन "हो, हो, बरोबर" म्हणाले. तिला वाईट वाटलं असावं, कारण तिने खरोखरच कोंबडी धरायला माणूस धाडायची तयारी केली. मी ती कशीबशी टाळली.

घरी आले तेव्हा आईने पिशवी रिकामी केली आणि एकेक वस्तू बाजूला ठेवत विचारलं, "वाळा कुठाय?"

"नाही दिला."

"एवढं दिलं अन् वाळा न्हाई?"

मी तिला सगळं सांगितलं. काठी, लाल खूण, पडलेला वारा, खाटेखालची युरियाची गोणी. दिव्याला दिलेल्या मुलीचंही सांगितलं. आई ऐकता ऐकता ड्रमातून तांब्या भरत होती. भरलेला तांब्या तिने खिडकीशी उजेडात धरला आणि आत बराच वेळ बघितलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तिथंच राहू दे."